आधी काय दळलंय?

"हॅलो, मुळीक गिरणी का? मला घरघंटी घ्यायची होती. एक एचपीची बरी की दोनची?"

फोन स्पीकरवर होता, कारण रत्नाआत्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. मागे गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. मी गव्हाच्या पोत्यावर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सकाळपासूनचा हा सहावा फोन, आणि सहाच्या सहा जणांना घरघंटीच हवी होती.

"घरात माणसं किती?" आत्यानं विचारलं.

"चार."

"मग एकची बास. दोनची काय करताय, लगीनघर हाय व्हय? आन् हे बघा ताई, भाजलेलं धान्य गरम गरम टाकू नका त्यात. गार हुंद्या. दळून झालं की मूठभर तांदूळ फिरवायचं, म्हंजे आतनं साफ होती."

"बरं झालं सांगितलंत. पण तुमच्याकडे मिळेल ना?"

"आमच्याकडं न्हाई वो. आमची आपली पिठाची गिरणी. पण काही अडलं तर फोन करा."

फोन बंद झाल्यावर मी म्हणाले, "आत्या, अगं आपल्या वैऱ्याला कसली मदत करतेस?"

"बाई विचारती, तर सांगायचं न्हाई व्हय?" असं म्हणून ती दुसऱ्या डब्याकडे वळली.

विट्यातली ही गिरणी मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, सुरू केली होती. ते गेल्यानंतर एकोणीस वर्षं ती आत्या एकटी चालवत होती. पण घरोघरी घरघंट्या आल्या आणि दिवसाला साठ डबे यायचे तिथे पंधरा यायला लागले. तिचा मुलगा उदयदादा नगरपालिकेत नोकरीला. त्याला आईच्या गुडघ्यांची आणि पिठानं लागणाऱ्या खोकल्याची काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. त्यानं जागा मोबाईलच्या दुकानासाठी द्यायचं ठरवलं होतं. प्रमोद शिंत्रे म्हणून एक जण दसऱ्याच्या मुहूर्तावर कब्जा घेणार होता.

मी त्याच सुमाराला पुण्यातली नोकरी सोडून आत्याकडे आले होते. माझी नोकरी वेबसाइटांसाठी मजकूर लिहिण्याची. दिवसाला आठ लेख. गुडघेदुखीवर, गच्चीच्या गळतीवर, कुत्र्यांच्या खाण्यावर. मला गच्ची नव्हती आणि कुत्र्यांची भीती वाटायची. दोन वर्षांत एका माणसानं मला सांगितलं नाही की तुझं लिहिलेलं मी वाचलं. तरी आत्याची गिरणी जाणार हे कळल्यावर मी जेवताना मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "मी गिरणीची वेबसाइट करते. गिऱ्हाईक कसं येत नाही बघू."

उदयदादा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणाला, "चल, दिला शब्द. दसऱ्यापर्यंत दिवसाला पाचशे माणसं तुझ्या वेबसाइटवर आली, तर शिंत्रेला मी नाही म्हणून सांगतो. नाही आली, तर आईनं गुपचूप घरात बसायचं आणि नातवंडांना गोष्टी सांगायच्या."

"नातवंडं कुठायत?" आत्या म्हणाली. "आधी लगीन कर."

तर अशी पैज लागली होती. हातात चार आठवडे होते, आणि शेवटच्या पगारातले पैसे घालून मी दिलेल्या पहिल्या जाहिरातीनं घरघंटीवाले गोळा केले होते. चूक माझीच. पुण्यातल्या सवयीनं मी जाहिरात आख्ख्या महाराष्ट्राला दाखवली होती, आणि गिरणी शोधणाऱ्या प्रत्येकाला. चंद्रपूरचा माणूस विट्याला गहू दळायला कशाला येईल, एवढा साधा विचार केला नव्हता. मी जाहिरात बंद केली आणि तोंड पाडून बसले.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा आत्या हात पुसत शेजारी येऊन बसली. "दाव बघू, काय लिव्हलंयस."

मी पान उघडून दिलं. तिनं चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागली. "चकली ही महाराष्ट्राच्या खाद्यसंस्कृतीची शान आहे. दिवाळी म्हटलं की चकली आलीच. कुरकुरीत चकली सर्वांनाच आवडते." तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे कुणाला ठाव न्हाई गं?"

"असंच लिहितात, आत्या."

"असू दे. पण जिची चकली मऊ पडलीय, ती बाई हे वाचून काय करंल? तिला शान नगं, तिला चकली मऊ का पडली ते पायजे."

"का पडते?"

"गव्हावर दळली असंल."

मला काही कळलं नाही. तेवढ्यात एक बाई डबा घेऊन आल्या, आणि डबा खाली ठेवायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मावशी, आधी काय दळलंय?"

"ज्वारी."

"मग थांबते. गहू निघू दे एखादा."

हा प्रश्न मी लहानपणापासून शंभरदा ऐकला होता. पण त्याचा अर्थ कधी विचारला नव्हता. त्या दिवशी आत्यानं मला जात्याच्या पाळीशी नेऊन दाखवलं. आधीच्या दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ दगडांच्या खाचांत राहतं आणि ते पुढच्या डब्यात उतरतं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. चकलीची भाजणी गव्हावर दळली की गव्हाचा चिकटपणा तिच्यात येतो आणि चकली चिवट होते. ती दळायची हरभऱ्याच्या डाळीवर. उपवासाचं सकाळी पहिलं, धुतलेल्या दगडावर. आणि दळून झाल्यावर गरम पिठावर झाकण लावायचं नाही, नाहीतर आत घाम धरतो. हे सगळं ती इतक्या सहज बोलत होती की मी तिला मध्येच थांबवून मोबाईल आवाज टिपायला लावला.

"पुन्हा सांग. पहिल्यापासून."

"एवढं काय हाय त्यात?" ती लाजली. खरंच लाजली.

त्या संध्याकाळी मी शानबिन सगळं पुसून टाकलं आणि एकच पान लिहिलं. वर मथळा दिला, 'आधी काय दळलंय?' आत्याच्या तोंडची वाक्यं जशीच्या तशी ठेवली, फक्त व्हय-न्हाई काढलं. दुसऱ्या दिवशी 'चकली तेलात विरघळते का?' त्याच्या दुसऱ्या दिवशी घरघंटीवाल्यांसाठी, तिनं फोनवर सांगितलं होतं तेच. आत्या प्रत्येक पान छापायच्या आधी चष्मा लावून वाचायची आणि चुका काढायची. "मोहन जास्त झालं की विरघळती, कमी झालं की न्हवं. उलटं लिव्हलंयस. हितं एका बाईचं किलोभर पीठ वाया जाईल तुझ्यापायी."

पुण्यात कुणी मला असं कधी म्हणालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्या चुकीबद्दल दोनदा माफी मागितली.

आकडे हलायला लागले. नऊ माणसांची तीस झाली, तीसची नव्वद. एका बाईंनी पानाखाली लिहिलं, 'पंधरा वर्षं चकल्या मऊ पडत होत्या आणि पंधरा वर्षं मी स्वतःला नावं ठेवत होते. दोष गिरणीचा होता होय!' हे मी आत्याला वाचून दाखवलं, तर तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "बिचारी." मग जरा थांबून, "कुठली गिरणी गं तिची?"

दसऱ्याला सहा दिवस राहिले तेव्हा आकडा दोनशेतीसवर गेला होता. मी नाचतच उदयदादाला सांगायला गेले.

"छान," तो म्हणाला. "त्यातली दळायला किती आली?"

एकही आलं नव्हतं. वाचणारी माणसं नाशिकची, ठाण्याची, एक तर दुबईची होती. दादा जिंकल्यासारखा हसला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. तो म्हणाला, "शले, तू मन लावून करतेस, दिसतंय मला. पण आईनं किती दिवस पीठ गिळायचं? शिंत्रे बुधवारी दुपारी माप घ्यायला येतोय."

मी रडले बिडले नाही. रात्रभर तळमळले मात्र. सकाळी उठून दुसरी जाहिरात तयार केली. या वेळी विट्याभोवती चाळीस किलोमीटरचं वर्तुळ आखलं, त्याच्या बाहेर एक पैसा जाऊ दिला नाही. मजकूर असा होता: 'बुधवारी आमच्या गिरणीत फक्त चकलीची भाजणी. आधी हरभऱ्याची डाळ, मग तुमचा डबा. गव्हाचा कण लागणार नाही.' खाली पानाचा पत्ता. बुधवार मुद्दाम निवडला, दसऱ्याचा आदला दिवस, म्हणजे शेवटच्या क्षणी आकडा पाचशेवर उडी मारेल. आत्यानं नेहमीसारखा चष्मा लावून मजकूर वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाली, "चांगलं लिव्हलंयस. सोड."

बुधवारी सकाळी आठला मी गिरणीत आले आणि दारातच उभी राहिले. गिरणी बंद होती. पट्ट्याला झेंडूची माळ, दगडाच्या झाकणावर हळदकुंकू, समोर नारळ आणि उदबत्ती. आत्या नवं लुगडं नेसून हात जोडून उभी होती.

"आत्या, हे काय?"

"खंडेनवमी न्हाई का आज? यंत्र पुजलंय. आता उद्या सकाळपतोर हात लावायचा न्हाई."

पुण्यातल्या ऑफिसात दसऱ्याची सुट्टी असायची, खंडेनवमीची नसायची, आणि मी तारखा त्याच हिशेबानं लावल्या होत्या. मामा असल्यापासून आजतागायत त्या दिवशी गिरणी चालली नव्हती. "अगं, बायका येतील! चाळीस किलोमीटरवरनं येतील! आपण त्यांना काय सांगायचं?"

"येऊ दे की," आत्या म्हणाली आणि तिनं कोनाड्यातनं एक पिशवी काढली. त्यात जुन्या कॅलेंडरच्या चौकोनी चिठ्ठ्या कापून ठेवलेल्या होत्या, सुतळी होती आणि शाईचं पेन होतं. तेव्हा मला वाटलं, ही बाई सगळ्याला तयारच असते. पोती कधी मागच्या भिंतीला गेली आणि जमीन कधी झाडून मोकळी झाली, याकडेही माझं लक्ष गेलं नाही.

पहिली रिक्षा साडेनवाला आली. भाळवणीच्या तिघी, तीन स्टीलचे डबे.

"यंत्र पुजलंय होय?" त्यातल्या एकीनं माळ बघून विचारलं. "आमच्याकडं दसऱ्यालाच पुजत्यात, आम्हाला वाटलं चालू असंल."

मी काहीतरी माफीचं पुटपुटायला लागले, तर आत्या पुढे झाली. "डबा ठेवून जावा. नाव, गाव चिठ्ठीवर. उद्या पहिल्या घाण्याला दळून, गार करून, संध्याकाळच्या आत घरपोच. पोचवायचं काही घेणार न्हाई. आणा बघू, भाजलंय कसं?" तिनं झाकण उघडलं, चिमूटभर धान्य दाताखाली धरलं. "तांदूळ बेस झालाय. उडदाची डाळ अजून दोन मिनिटं पायजे होती. चालतंय, पण म्होरल्या टायमाला ध्यान ठेवा."

बाई खूश झाली. जायचं सोडून पायरीवर बसली. तिच्यामागे पलूसच्या आल्या, मग खानापूरच्या, आळसंदची एक म्हातारी सुनेला घेऊन मोटारसायकलवर आली. प्रत्येकीच्या डब्यातलं धान्य आत्या दाताखाली धरत होती आणि प्रत्येकीला काहीतरी सांगत होती. बायका एकमेकींच्या भाजण्या चाखायला लागल्या. कुणाच्यात धणे जास्त, कुणाच्यात जिरं नाहीच. सुनेनं सासूदेखत विचारलं, "मावशी, यांच्या चकलीत ओवा घालतात, बरोबर आहे का?" आणि सासू म्हणाली, "मावशी, काय सांगायचंय ते इचार करून सांगा हं!" सगळी गिरणी हसली. मी चिठ्ठ्या लिहीत होते. बोटं शाईनं निळी झाली होती, आणि किती दिवसांनी मला कसलीच चिंता वाटत नव्हती.

दुपारी उदयदादा शिंत्रेला घेऊन आला. शिंत्रेच्या हातात मापाची पट्टी होती. दोघे दारात थांबले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत डबे, डब्यांवर डबे, प्रत्येकाला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी.

"हे काय आहे?" दादानं विचारलं.

"दळण," आत्या म्हणाली.

"आज? आज तर गिरणी बंद!"

"म्हणून तर हितं हाय. चालू असती तर कधीच गेलं असतं."

शिंत्रे अवघडून पट्टी उघडझाप करत होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो गं, गिरणीतच आहे. मुळीकांच्या... काय? हीच ती? तू वाचलंस?" त्यानं फोनवर हात ठेवला आणि ओशाळून आत्याकडे पाहिलं. "मावशी, बायको म्हणते आमचा डबा घेताय का. ती त्या वेबसाइटवरनं बघून परवाच भाजून बसलीये."

"आणा की," आत्या म्हणाली. "दारात ठेवा, आत जागा न्हाई."

पायरीवरच्या बायका हसल्या, शिंत्रेसुद्धा हसला. दादा मात्र माझ्याकडे वळला. "किती झाली माणसं? खरं सांग."

मी लॅपटॉप उघडला. खोटं बोलता आलं असतं, पण तो दिवस खोटं बोलायचा नव्हता. "तीनशे बारा."

मी पैज हरले होते. दादानं डब्यांकडे पाहिलं, मग एका डब्याची चिठ्ठी वळवून वाचली, मग दुसऱ्याची. तो ओठ हलवत मोजत होता हे मला उशिरा कळलं.

"एकोणसत्तर," तो म्हणाला. "शिंत्रेंचा धरून सत्तर." मग त्यानं झेंडूच्या माळेकडे पाहिलं. "आई, तो खोकला... वर एक पंखा बसवू. पीठ बाहेर फेकणारा. आणि तोंडाला फडकं बांधायचं. रोज."

"बांधीन," आत्या म्हणाली.

शिंत्रेनं पट्टी गुंडाळून खिशात टाकली. त्याला स्टँडजवळ दुसरी जागा आधीच सांगून आली होती म्हणे. ते खरं होतं की त्यानं आमची लाज राखली, हे मला अजून माहीत नाही.

दसऱ्याला सकाळी सहाला आत्यानं नारळ वाढवला आणि गिरणी सुरू केली. पट्टा पुन्हा फटफटला. मूठभर हरभऱ्याची डाळ टाकून तिनं दगड साफ केला आणि पहिला डबा ओतला. बाहेर दिलीप टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"एवढ्या सकाळी कसा आलास?" मी विचारलं. "तुला कुणी सांगितलं?"

"मावशींनी. शनिवारीच सांगून गेलत्या, दसऱ्याला टेम्पोभर डबं पोचवायचं हाईत म्हणून."

शनिवारी. म्हणजे मी जाहिरात सोडली त्या दिवशी.

मला चिठ्ठ्या आठवल्या. झाडलेली जमीन आठवली. मी आत जाऊन आत्यासमोर उभी राहिले. तोंडाला फडकं बांधलेलं, वर फक्त दोन डोळे, पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया.

"आत्या, तुला माहीत होतं. बुधवारी खंडेनवमी आहे हे माहीत होतं, तरी 'सोड' म्हणालीस!"

"व्हय."

"मला का नाही सांगितलंस? मी तारीख बदलली असती!"

"म्हणून तर न्हाई सांगितलं." तिनं डब्याखालचं पीठ हातानं सारखं केलं. "दुसऱ्या कुठल्या दिवशी एकएक आली असती आन् दळून गेली असती. उदयला काय दिसलं असतं? मोकळी गिरणी. आन् तो शिंत्रे बुधवारीच येणार हुता की."

मी पुण्यात दोन वर्षं हेच शिकले होते. माणसं कशी आणायची, कशी थांबवायची, कुणाला काय दाखवायचं. मला हसू आवरेना. मी तिथेच पोत्यावर बसून पोट धरून हसले, आणि फडक्याच्या आत तीही हसत होती, कारण तिचे खांदे हलत होते.

सातच्या सुमारास शिंत्रे डबा न्यायला स्वतःच आला. घरपोच मिळणार होता तरी आला. आत्यानं त्याचा डबा मुद्दाम सगळ्यात पुढे ठेवला होता.

"मावशी, एक विचारायला सांगितलंय घरनं," तो संकोचून म्हणाला. "आधी काय दळलंय?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "सांग की. तुझं पान हाय न्हवं?"

आठ लेख दिवसाला, दोन वर्षं. मी कधी एका माणसाला समोरासमोर काही सांगितलं नव्हतं.

"हरभऱ्याची डाळ," मी म्हणाले. "आणि घरी गेल्यावर झाकण लगेच लावू नका. पीठ अजून गरम आहे."